वरच्या मजल्यावरचे माग

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आईकडे निरोप दिला की त्यात अर्धा तिच्या पदरचा असतो. म्हणून पत्रच लिहितोय.

रविवारी इथं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत कालव्याच्या काठानं चालत किंगफील्डला गेलो. लाल विटांच्या तीन मजली घरांची रांग आहे. खाली राहायचं आणि सगळ्यात वर माग! वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या. रेशमी फिती विणायच्या, धागा तुटला तर दिसायला उजेड नको का? या घरांना टॉपशॉप म्हणतात.

1857 साली जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी ती बांधली. विणकरांना कारखाना नको होता. भोंग्यावर कोण धावणार? घरी माग असला की बायकापोरं कांड्या भरतात, भूक लागली की खाली उतरायचं. मग भावांनी आवारात एकच वाफेचं इंजिन बसवलं आणि त्याचा शाफ्ट, म्हणजे माग चालवणारा फिरता दांडा, सगळ्या घरांच्या वरच्या मजल्यांतून आरपार नेला. घरात बसायचं, पण इंजिन मालकाचं. हे वाचून मला आपलं लाइटबिल आठवलं.

100 घरं बांधायची होती, झाली 48. 1860 मध्ये फ्रान्सशी करार झाला, तिकडच्या फिती जकातीशिवाय येऊ लागल्या आणि गावाचा धंदा बसला. हजारो माणसं गाव सोडून गेली. कॅश टिकले ते पुढं नावाच्या विणलेल्या पट्ट्यांवर. शाळेतल्या पोरांच्या कपड्यांना शिवतात ना, त्या.

आता तिथं लोक राहतात. एका मोठ्या खिडकीत सायकल टेकवलेली होती. आवाज काहीच नाही. ते मात्र फार विचित्र वाटलं.

दहावीच्या वर्षी मी तुमच्याशी किती भांडलो होतो, माग शेडात हलवा म्हणून. भिंत हादरायची, पुस्तकातली ओळ हलायची. तुम्ही एवढंच म्हणालात, 'शेडात गेलो की नोकर झालो.' तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला होता.

माग भंगारात द्यायचं ठरलंय, असं आई म्हणाली. द्या. इचलकरंजीत आता साध्या मागाला कोण विचारतंय? एक धोटा तेवढा माझ्यासाठी ठेवा, टोक घासलेला असला तरी चालेल. आणि आई, तुझं कांडी मशीन कुणाला देऊ नकोस.

बाबा, एक विचारायचं होतं. आजोबांचे माग पट्ट्यावर चालायचे म्हणता, मग पट्टा तुटला की सगळेच बंद पडायचे का? उत्तर आईकडून लिहून घ्या, पण तिला म्हणावं, तुझं काही घालू नकोस.

तुमचा,
बाळू