तंबू, अस्वलं आणि आपल्या धुऱ्यावरचा वाघ

डेन्व्हर,
जून

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मृग लागला, पण ढगं नुसती येतात अन् जातात, असं दादा फोनवर म्हणाला. पेरणीची घाई करू नका. मागं लावलेलं बियाणं मोडलं की किती जिवावर येतं ते मला ठाऊक आहे.

मी इकडे सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या दोघींबरोबर जंगलं पाहायला गेले होते. फोनवर अर्धं बोलणं तुटतं आणि बाबा, तुम्ही तर एकेक गोष्ट खोदून विचारता. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दादा, सावकाश वाचून दाखव, गाळू नको.

डेन्व्हरहून अमेरिकेच्याच वायोमिंग राज्यातून उत्तरेला जायचं, आठशे किलोमीटरच्या वर रस्ता. तासन्‌तास माळ आणि वारा, मध्येच एखादा पेट्रोल पंप. डिकीत तंबू, झोपायच्या पिशव्या, गॅसची बारकी शेगडी, तांदूळ, तुरीची डाळ आणि आई, तू पाठवलेलं तिखट. आधी ग्रँड टेटन पाहिलं. तिथले डोंगर सपाट मैदानातून सरळ वर उठलेत, जूनमध्येही माथ्यावर बर्फ. तिथून वर गेलं की यलोस्टोन लागतं, आणि मला सांगायचं आहे ते त्याचंच.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचं. आपल्या ताडोब्याला तो दर्जा मिळाला १९५५ ला. यलोस्टोनचं क्षेत्र ८,९८३ चौरस किलोमीटर. आपला अख्खा चंद्रपूर जिल्हा ११,४४३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्याच्या पाऊण भागाएवढं नुसतं जंगल समजा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात बावीस लाख माणसं मोजली होती. इथं त्या एवढ्या जागेत शेती करणारं, गुरं राखणारं एकही गाव नाही. उद्यानाचे कर्मचारी आणि पाहायला येणारे लोक, बस.

जिप्सी नाही, गाइड नाही, सकाळ-संध्याकाळची पाळी नाही. आपली गाडी आपण चालवायची. मात्र नियम कडक. अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर लांब राहायचं, बाकी जनावरांपासून २३ मीटर. बायसन रस्त्यावर आले की गाडी बंद करून बसून राहायचं. आम्ही तशाच बसलो होतो तेव्हा एक बैल माझ्या काचेला जवळजवळ घासून गेला. थंडीतली लोकर झडत होती, पाठीवरून तिची लक्तरं लोंबत होती, आणि नाकातून निघालेल्या वाफेनं काच धूसर झाली. खांदा आपल्या गव्यासारखाच उंच, पण डोकं फार मोठं आणि खाली झुकलेलं, मागचा भाग बारीक. नऊशे किलोपर्यंत भरतो हा प्राणी आणि ताशी पन्नासच्या वर पळतो. पिल्लं विटकरी रंगाची, आयांच्या पायांत घुटमळणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यलोस्टोनात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, बाकी शिकाऱ्यांनी संपवलेले. आज साधारण पाच हजार आहेत.

आई, जमिनीतून उकळतं पाणी उसळतं तेही पाहिलं. ओल्ड फेथफुल म्हणून एक झरा आहे, तो साधारण दीड तासानं तीस-चाळीस मीटर उंच उडतो. तू उनकेश्वरला गेली होतीस ना, तोच गंधकाचा वास. इथं मात्र आंघोळ नाही, फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली ठेवायलाही बंदी. पातळ कवचाखाली पाणी खदखदत असतं.

आता बाबा, अस्वलांचं. हे तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते.

आम्ही मॅडिसन नावाच्या तळावर तंबू ठोकला. रात्री पाणी गोठायला येईल एवढी थंडी, कारण हे सगळं पठार दोन हजार मीटरच्या वर आहे. मुक्कामाच्या ठिकाणी दोन जातीची अस्वलं फिरतात, काळं अस्वल आणि ग्रिझली. ग्रिझलीच्या खांद्यावर मदार असते. नदीकाठच्या चिखलात मला तिचा ठसा दिसला आणि तुमची आठवण आली. तुम्ही नाल्याच्या रेतीत बोट टेकवून दाखवायचे, हा नर, हा मादी, हा रात्रीचा, हा पहाटेचा. या ठशात पुढच्या पंजाची नखं बोटांपासून चांगली लांब उमटली होती, आणि बोटं जवळजवळ एका ओळीत. मी शेजारी हात ठेवून फोटो काढला आहे.

तळावर खाण्याच्या वस्तूंसाठी लोखंडी पेट्या असतात. जे जे वासाचं ते सगळं त्यात: डाळ-तांदूळ, तिखट, पण साबण, टूथपेस्ट, रिकामी पातेलीही. भांडी घासलेलं पाणीसुद्धा कुठंही टाकायचं नाही. कचऱ्याच्या डब्याची कडी मी नीट पाहिली. वरून लोखंडी आडोसा असतो, त्याखाली हात उलटा घालायचा आणि आतली पट्टी बोटांनी दाबायची, तेव्हा झाकण उघडतं. अस्वलाचा पंजा त्या फटीत जातच नाही. एवढी साधी युक्ती, पण कोणीतरी बसून अस्वलाच्या पंजाचा विचार केला म्हणून सुचली. फिशिंग ब्रिज म्हणून एक तळ आहे तिथं तर कापडी तंबूच चालत नाही, पक्क्या भिंतींची गाडी असेल तरच राहता येतं, कारण ती अस्वलांची जागा आहे.

हे शहाणपण त्यांना सहजी आलेलं नाही. पूर्वी हॉटेलांचा खरकटा कचरा उद्यानातच उकिरड्यावर टाकत आणि संध्याकाळी लोक बाकांवर बसून अस्वलं खरकटं खाताना पाहत. गाडीच्या खिडकीतून हातानं पाव देत. माणसं जखमी व्हायची. १९७० च्या सुमारास उकिरडे बंद केले, तर सवय लागलेली अस्वलं तंबूंकडे वळली आणि त्यातली पुष्कळ मारली गेली. १९७५ ला ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण मिळालं, मग हळूहळू संख्या सावरली. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं, हे इथं लहान पोरांनाही माहीत असतं.

मी त्या पेटीसमोर उभी राहिले आणि आपल्या गावाच्या कडेची ती जागा डोळ्यांपुढे आली, जिथं मेलेली जनावरं ओढून टाकतात. कुत्री जमतात, डुकरं जमतात, त्यांच्या मागं बिबट येतो, आणि मग बिबट गावात शिरला म्हणून ओरड होते. दादा, ग्रामसभेत हा विषय काढ. मेलेलं जनावर खोल पुरायचं, आणि गावाजवळ नाही. याला फार पैसा लागत नाही.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटली ती अशी. इथं "खाणं उघडं ठेवू नका" असं सांगायच्या आधी समोर पेटी आणून ठेवली आहे. नियम आणि नियम पाळायची सोय एकत्र आली. आपल्याकडे पाटी आधी येते. पहाटे अंधारात बाहेर जाऊ नका, सरपणाला जंगलात जाऊ नका, मोहफुलं वेचायला एकट्यानं जाऊ नका. सगळं खरं आहे, त्यानंच जीव वाचतो. पण संडासाला पाणी नसेल तर आजी पहाटे कुठं जाईल? जन-वन योजनेतून गॅस आला ही चांगलीच गोष्ट झाली, वहिनीच्या डोक्यावरची मोळी उतरली. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की बाया पुन्हा जंगलाकडे वळतात. आणि मोहफुलं, तेंदूपत्ता हे तर उन्हाळ्यातलं रोख पैसे देणारं पीक आहे. खाली वाकून वेचणारी बाई वाघाला बाई दिसत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तिला घरी बसा म्हणायचं असेल तर त्या पैशांची काही तजवीज आधी हवी.

लांडग्यांचं सांगते. लामार नावाचं खोरं आहे, तिथं आम्ही पहाटे अंधारातच गेलो. रस्त्याच्या कडेला वीस-पंचवीस माणसं तिकाटण्यावर दुर्बिणी लावून उभी. एका म्हाताऱ्या बाईनं मला आपल्या दुर्बिणीतून पाहू दिलं. नदीच्या पलीकडे मेलेला बायसन पडलेला, आणि त्याच्यावर करडे-काळे लांडगे. एक खाऊन बाजूला जाऊन पडला, दुसरा आला. डोमकावळे अगदी त्यांच्या तोंडाजवळ उड्या मारत होते. तुम्ही वणवा अडवायच्या जाळरेषेच्या कामावर असताना रानकुत्र्यांनी सांबर पाडलेलं पाहिलं होतं, ते तुम्ही जसं सांगायचे तसंच सगळं. मी त्या बाईला ते सांगितलं. ती दुर्बीण सोडून माझ्याकडे वळली आणि तुमच्याबद्दलच विचारत राहिली.

या खोऱ्यातले लांडगे सरकारच्याच माणसांनी मारून संपवले होते, १९२६ च्या सुमाराला शेवटचे. मग सत्तर वर्षांनी चूक दुरुस्त करायला कॅनडातून आणले, १९९५ ला चौदा आणि १९९६ ला सतरा. ज्या वर्षी इथं लांडगे परत आले त्याच वर्षी ताडोबा आणि अंधारी अभयारण्य मिळून आपला व्याघ्र प्रकल्प झाला. आज उद्यानात शंभरच्या आसपास लांडगे असतात. उद्यानाबाहेरचे गुरं पाळणारे लोक मात्र खूश नाहीत. परतताना पेट्रोल पंपावर एक जण भेटला, त्याची वासरं लांडग्यांनी नेलेली. तो रागानं बोलत होता, आणि त्याचं बोलणं मला शब्द न् शब्द कळत होतं. माझ्या मैत्रिणींना तो माणूस जनावरांचा वैरी वाटला. मला नाही वाटला. आपल्या कोठ्यातून वाघानं कपिली गाय नेली तेव्हा बाबा, तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, आणि तरी वाघाला विष घालायची गोष्ट कोणी काढली तेव्हा तुम्हीच त्याला हाकललं होतं.

हे इथं कोणाला ठाऊक नाही. आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात की तुम्ही नशीबवान, वाघाच्या देशातले. वाघ बघायला आलेल्या माणसाला काही तासांची सफारी असते. तुम्ही चण्याच्या वावरात माळ्यावर जागल करता, रानडुकरं आणि रोही हाकलता, आणि धुऱ्यावरून वाघ गेला की सकाळी ठसा बघून गायक्याला सांगता, आज गुरं त्या अंगाला नेऊ नको. वर्षानुवर्षं. एवढ्या दाट वस्तीत वाघ टिकला तो तुमच्यासारख्या लोकांनी सोसलं म्हणून. मला हे भेटेल त्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही.

यलोस्टोन पहिल्यापासून निर्मनुष्य होतं असं समजू नका. शोशोनी लोकांतली तुकुदिका म्हणून जमात तिथं डोंगरात रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगायची. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना तिथून हलवलं. ते वाचताना मला ताडोब्यातून हलवलेली कोळसा, बोटेझरी, जामणी गावांची माणसं आठवली. आपल्याकडे तरी ताडोबा हे नाव तारूचं आहे, वाघाशी लढताना मेलेल्या गोंड गावप्रमुखाचं, आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. जंगलाच्या नावातच माणूस आहे. तारूला मानणाऱ्यांच्या पोरांना त्या जंगलात फक्त गाइड आणि ड्रायव्हर म्हणून नाही, तर ठरवणारे म्हणूनही जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. इथंही अलीकडे यलोस्टोनचे काही बायसन तिथल्या आदिवासींच्या जमिनींवर पाठवायला लागलेत.

दादा, तू अस्वलासाठीचा फवारा विचारला होतास. आम्ही तिघींनी कमरेला लावला होता, वापरायची वेळ आली नाही. त्यात दुसरं काही नाही, मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो तेच द्रव्य, आपल्या भिवापुरी मिरचीतही तेच. जनावर अंगावर धावून आलं की त्याच्या तोंडापुढे ढग सोडायचा. तो विमानातून आणता येत नाही, म्हणून माझ्याकडून त्याची आशा धरू नको. चांगल्या पल्ल्याची बॅटरी मात्र आणते, एक बाबांना आणि एक गायक्याला.

कपिलीच्या भरपाईचं काय झालं? पंचनामा होऊन इतके महिने झाले आणि अजून "साहेब नाहीत" हेच ऐकायला मिळतं, हे बरोबर नाही. दादा, अर्जाची पोचपावती आणि पंचनाम्याची झेरॉक्स मला मोबाइलवर पाठव. मी इथून मराठीत नीट तक्रार लिहून देते, तू बाबांची सही घेऊन रजिस्टर पोस्टानं टाक. बाबांना पुन्हा पुन्हा बसनं पाठवू नको, त्यांचा गुडघा दुखतो.

फोटो रात्री व्हॉट्सॲपवर टाकते. पोरांना बायसन दाखव आणि गवा नाही म्हणून सांग, नाहीतर वाद घालत बसतील. आजीला माझा नमस्कार. पाऊस पडला की लगेच फोन करा, इकडे किती वाजलेत ते बघू नका.

तुमची लेक