चित्र उलटून तरी बघा!

मा. संपादक,
वारशाने आलेल्या चित्राभोवती गुंफलेल्या रहस्यमय प्रेमकादंबरीवरची वाचकांची मतं पुरवणीत वाचली. बहुतेक जण ‘दोघांचं जुळतं कधी’ यातच रमलेले! माझं घोडं मात्र चित्रापाशी अडलं. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. १८७० सालचं म्हणून मिरवलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट सापडतो, तरी नायिका शेवटपर्यंत बुचकळ्यात. अहो, हा रंग बाजारात आला १९२० च्या आसपास. तिथेच बिंग फुटायला हवं. (नंतरची डागडुजी असू शकते, मान्य, पण तसं कुणी म्हणावं तरी.) कॅनव्हासची मागची बाजू, खिळे, जुनी लेबलं तर कुणी बघतही नाही. प्रेमप्रकरण मात्र झकास जमलंय, त्यातली भांडणं तर फारच खरी.
– एक वाचक