वहीवाल्या काकांना

काका, सा. न.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. पण हे चारचौघांत लिहायचंच होतं.

आमच्या पुरंदरातल्या पाझर तलावाच्या भरावाखालून पाणी येतंय, हे सांगायला मी दोन पावसाळे कचेरीत खेटे घातले. साहेबांचं उत्तर ठरलेलं : "पाझर तलाव आहे, पाझरणारच की!" वर स्वतःच हसायचे. तुम्ही निवृत्त माणूस. आदल्या दिवशी फोन केला तर दुसऱ्या सकाळी दिवे घाट चढून एसटीनं हजर. टपरीवरच्या चहाच्या ग्लासात ते पाणी धरलंत आणि ग्लास कट्ट्यावर ठेवून गप्प बसलात. अर्ध्या तासानं तळाशी गाळ. "नितळ पाझरलं तर पाझरू दे. हे धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय."

पुढचं वाळू-खडीचं काम, पाणी उतरवणं, सगळं गावानं पाहिलंय. मला लिहायचंय ते आईबद्दल.

१९७२ च्या दुष्काळात आईनं ह्याच भरावावर पाट्या वाहिल्या. मस्टरवर अंगठा, बस. त्यानंतर त्या तलावाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. अगदी मीसुद्धा नाही. तुम्ही तिच्याशेजारी मातीत मांडी घातलीत. "ताई, पाणी येतंय तिथं आधी काय होतं?"

"वढा व्हता. काळी माती सरली, तवा मुकादमानं मुरूमच ढकलाया लावला."

म्हणजे पाणी येतंय तिथंच काळ्या मातीऐवजी पाणी सोडणारा मुरूम. तुम्ही वही काढलीत. तिचे शब्द तसेच्या तसे लिहिलेत, खाली तिचं पूर्ण नाव, तारीख. मग वाचून दाखवलंत, "बरोबर आहे ना?" आईनं पदर सावरला. एवढ्याला काही टेंडर काढावं लागत नाही, पण आम्हाला पन्नास वर्षं थांबावं लागलं.

परतताना एवढंच बोललात, की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही शाळकरी होतात, घर नदीकाठच्या पेठेत. "तेही मातीचंच होतं." पुढं काही विचारायचा मला धीर झाला नाही.

सोबत सीताफळं पाठवतोय, दोन दिवसांत पिकतील. आणि आईचा निरोप आहे : "त्या वहीवाल्याला सांग, मुरूम गावाकडच्या टेकाडाचा व्हता. पल्याडच्या न्हाई. आता आठवलं, तेवढं लिव्हून घे म्हणावं."

तुमचा,
भरावाखालच्या वस्तीतला एक जण