फोनसवानहून, भाजावळीच्या दिवसांत

फोनसवान, लाओस
१४ मार्च

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा सांगत होते, यंदा शेतात पसरलेली कवळं चांगली वाळली होती, ती जाळून भाजावळ एका सकाळीत उरकली. मी एकदम गप्प झाले. तुम्हाला वाटलं रेंज गेली. रेंज होती. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

इथेही भातच पिकतं, इथलाही शेतकरी पावसाकडे डोळे लावून असतो. पण जमिनीवर विस्तव करायला माणसं भितात. खाली युद्धातला न फुटलेला बॉम्ब असला आणि तापला, तर फुटतो. कुणी थंडीत शेकोटी केली, कुणी चूल मांडली, आणि होत्याचं नव्हतं झालं. आमच्या घरमालकीणबाईंची आई जमिनीवर कधीच जाळ करत नाही. शेगडी ओट्यावर ठेवते, रोज त्याच जागी.

त्या बॉम्बला इथे ‘बॉम्बी’ म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढा गंजका गोळा, आत शेकडो छर्रे. एका मोठ्या बॉम्बच्या पोटात असे सहाशेच्या वर असत. हवेत तो उघडला की शेतभर विखुरत. पोरांना वाटतं चेंडू सापडला. अण्णा, माझा संताप होतो तो इथे.

युद्ध शेजारच्या व्हिएतनाममधलं. १९६२ च्या जिनिव्हा करारात लाओसची तटस्थता मान्य झाली होती. तरी १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या चिमुकल्या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. उत्तर व्हिएतनामची रसद लाओसच्या जंगलातून जायची म्हणून, आणि इथल्या कम्युनिस्टांना मोडायचं म्हणून. ५,८०,००० उड्डाणं झाली. म्हणजे नऊ वर्षं, दिवसरात्र, सरासरी दर आठ मिनिटांनी एक विमान रिकामं होत होतं. आणि हे सगळं अमेरिकेतल्या जनतेपासूनसुद्धा लपवलेलं. सुमारे २७ कोटी बॉम्बी पडल्या, त्यातल्या ८ कोटींच्या आसपास फुटल्याच नाहीत. युद्ध थांबल्यावरही वीस हजारांहून अधिक माणसं त्यांच्यापायी मेली किंवा जायबंदी झाली. त्यात पोरं फार.

आमच्या नळयोजनेचा चर खणायचा, तर आधी जमीन तपासून घ्यावी लागते. शाळा, रस्ता, विहीर, सगळ्याचं तेच. गरीब देशाचा पैसा आणि वेळ खणण्याआधीच खर्ची पडतो. संयुक्त राष्ट्रांची विकासाची सतरा उद्दिष्टं आहेत ना, लाओसने त्यात स्वतःचं अठरावं घातलंय: बॉम्बपासून सुरक्षित जगणं.

गेल्या आठवड्यात तपासणी करणाऱ्या बायकांची तुकडी पाहिली. दोऱ्या ताणून शेताचे अरुंद पट्टे पाडलेले, एकेका पट्ट्यात एकेक बाई यंत्र फिरवत हळूहळू पुढे सरकत होती. यंत्र वाजलं की ती गुडघ्यावर बसायची आणि बाजूने, हलक्या हाताने माती उकरायची. मी पाहिलं तेव्हा एक खिळा निघाला, मग पत्र्याचा तुकडा, मग परत खिळा. दर वेळी तितकीच काळजी. आई, तू तांदूळ निवडताना कशी बसतेस, तशी ती बसली होती.

रांजणांच्या पठारावर फिरायला गेले होते. हजारो वर्षांपूर्वीचे माणसाएवढे दगडी रांजण, आणि त्यांच्यामध्ये बॉम्बचे खड्डे. वाटेवर खुणेच्या विटा रोवल्यात. पांढऱ्या बाजूने चालायचं, तांबड्या बाजूला पाय टाकायचा नाही. माझी नजर सारखी खालीच होती.

काल घरमालकीणबाईंच्या आईला, त्या आजींना, सांगितलं, माझे वडील शेतात पालापाचोळा पसरून जाळतात, मग त्या राखेत तरवा पेरतात. त्यांनी विचारलं, “आधी जमीन कोण तपासतं?” मी म्हटलं, कुणीच नाही, गरज पडत नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

अण्णा, भाजलेल्या वाफ्यांचा एक फोटो पाठवा. तुम्हीही उभे राहा त्यात. आजींना दाखवायचा आहे. आई, गुडघ्याचं तेल लावतेस ना?

तुमची,
मंजू