लय सुटली नव्हती, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

आई, त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवताना आमची लय विस्कटली, तेव्हापासून बाबांनी तबल्याची खोळ काढलेली नाही, असं तू हळूच सांगितलंस. म्हणून हे पत्र. फोनवर बाबा मला पुरतं बोलू देणार नाहीत.

बाबा, लय तुमची सुटली नव्हती. व्हिडिओ कॉलवर माझा लेहरा, ती पेटीवरची फिरून फिरून येणारी धून, तुमच्यापर्यंत पोचायलाच शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात, तुमचा ठेका माझ्याकडे यायला पुन्हा तेवढेच. मग मी तुमच्यासाठी थांबते, तुम्ही माझ्यासाठी, आणि दोघंही मंदावत जातो. एकाच दालनात दहा मीटर लांब बसलं तर आवाजाला 30 मिलिसेकंद लागतात. साथसंगतीला साधारण इतपतच उशीर खपतो. शिवाय कॉलचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी केलेलं. डग्ग्याची घुमक त्याला गोंगाट वाटते, ते ती कापून टाकतं. (डग्ग्याचा असा अपमान तुमच्यासमोर दुसऱ्या कुणी केला असता तर!)

जॅमुलस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हा उशीर बराच कमी करतो, पण तो जवळच्यांसाठी. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशालाही हजार किलोमीटरला 5 मिलिसेकंद लागतात, आणि आपल्यात सात हजार किलोमीटर आहेत.

म्हणून उलटी युक्ती. 2005 साली आलेला निंजॅम हा प्रोग्राम उशीर घटवत नाही, वाढवून बरोबर एका आवर्तनाएवढा करतो. तीनतालाच्या 16 मात्रा, मिनिटाला 120, म्हणजे 8 सेकंद. तुम्हाला माझं मागचं आवर्तन ऐकू येईल, मला तुमचं. गाणाऱ्याला हे जमणं कठीण, पण लेहरा तर दर आवर्तनात तोच असतो! सम दोघांनाही जागच्या जागी सापडते. हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री एक वाजता पेटी काढली होती.

लय मात्र मध्येच चढवता येणार नाही, आकडा आधी ठरवावा लागतो. तुम्ही कुरकुरणार, ठाऊक आहे. हेडफोन वायरचाच घाला, ब्लूटूथवाला पुन्हा उशीर करतो. आई, शनिवारी मी इथूनच तुझ्या लॅपटॉपवर सगळं बसवून देते. विचारलं की तू फक्त 'हो' म्हण.

आणि बाबा, तिहाई घेतलीत की माझी दाद तुमच्यापर्यंत दोन आवर्तनांनी पोचेल. तेवढी 16 सेकंदं रुसू नका.

तुमची,
धाकटी