ओरखडे राहू द्या, गंज काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घडीच्या चाकूंच्या देखभालीवर लेख आला आहे. पात्यावरचे डाग नि ओरखडे पॉलिश लावून घालवावेत, आवडत्या चाकूचा जोड घेऊन एक वापरावा आणि एक ठेवणीत ठेवावा, असा सल्ला त्यात दिला आहे. मी रोपवाटिकेत कलमे बांधते. चाकू दिवसभर माझ्या हातात किंवा खिशात असतो, म्हणून या सल्ल्याला विरोध नोंदवते आहे.

आधी ओरखड्यांचे बोलू. पाते पाठीकडे जाड असते आणि धारेकडे पातळ होत जाते. प्रत्येक वेळी दगडावर घासले की थोडे पोलाद जाते आणि धार पाठीच्या दिशेने, म्हणजे जाड भागात सरकते. असे होता होता एक वेळ येते, की धार केस उतरवण्याइतकी तिखट असते पण पाते कलमासाठी घेतलेल्या काडीत शिरत नाही, कारण धारेमागची जाडी मध्येच अडते. काडी कापली न जाता चिरते, आणि चिरलेल्या काडीचे कलम नीट जुळत नाही. अशा वेळी पात्याचे गाल, म्हणजे धार आणि पाठ यांच्या मधल्या बाजू, दगडावर जवळजवळ आडवे टेकवून घासावे लागतात, पाते पुन्हा पातळ करावे लागते. त्यात आरशासारखी चकाकी जाते, गालावर कोरलेले कंपनीचे नावही पुसट होत जाते. ज्यांना ओरखडा बघवत नाही ते नेमके हेच काम टाळतात, आणि मग 'जुना चाकू आता कापत नाही' म्हणून नवा आणतात. चांगले कापणारे जुने पाते ओरखड्यांशिवाय असूच शकत नाही, हे त्या लेखात कुठेच नाही.

आता डाग. माझ्या चाकूचे पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. झाडांच्या चिकात आणि सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते, त्याचा लोखंडाशी संयोग होऊन निळसर काळा थर चढतो. आंबट फळ कापले तरी पाते असेच करडे पडते. हा थर पात्याला धरून राहतो आणि लाल गंजाला थोडाफार अटकाव करतो. तो घासून काढला की खाली उघडे पोलाद लागते, आणि दमट हवेत त्यावर गंज लवकर धरतो. लाल गंजाची गोष्ट निराळी. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि पात्याला खड्डे पाडतो. असा खड्डा धारेपर्यंत पोचला की तिथे धार टिकत नाही. म्हणून काळे राहू द्यावे, लाल दिसताच काढावे. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याला हा त्रास कमी होतो. पण चिक लागलेले पाते ओले मिटून ठेवले तर त्यावरही डाग पडतात.

टोक मोडले तरी चाकू टाकू नये. फक्त नवे टोक काढताना पाठीकडून घासावे, धारेकडून नव्हे. घडीच्या चाकूचे पाते मिटले की धार मुठीच्या आत जाते आणि पाठ वर राहते. धारेकडून घासले तर नवे टोक पाठीजवळ येते, चाकू मिटल्यावर मुठीबाहेर डोकावते आणि खिशात हात घातला की बोटात घुसते. पाठीकडून घासले तर ते आतच राहते. पाते थोडे आखूड होते, कामाला काही अडत नाही.

मी डावखुरी आहे. कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने उतरती असते, दुसरी बाजू सपाट असते. माझा उतार सर्वसाधारण चाकूच्या उलट बाजूला आहे, त्यामुळे माझा चाकू कुणी मागून नेत नाही आणि त्याची सगळी झीज माझ्या हाताची आहे. लाकडी मुठीवर अंगठा टेकतो तिथे खोलगट जागा झाली आहे. तीमुळे न बघता कळते की धार कोणत्या कोनात आहे. नव्या चाकूत ही सोय विकत मिळत नाही, ती वापरूनच येते. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सगळीच झीज चालवून घ्यावी असे मात्र नाही. सांध्याची खीळ ढिली होऊन पाते डावी-उजवीकडे हलू लागले, स्प्रिंग मऊ पडून पाते हातात मिटू लागले, किंवा मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटू लागली, तर चाकू आधी दुरुस्तीला द्यावा. इथे 'चालतंय' म्हणणाऱ्याचे बोट जाते.

१९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फातून सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, ओत्झी नावाने तो ओळखला जातो. त्याच्याजवळ चकमकीच्या दगडाची छोटी सुरी होती. तिचे टोक मोडलेले होते आणि पाते पुन्हा पुन्हा धार काढून झिजलेले होते. तिच्यासोबत दगडाला धार काढायचे, शिंगाचे टोक बसवलेले हत्यारही होते. हे वाचले तेव्हा मला तो माणूस ओळखीचा वाटला.

या विषयावर पुढे लेख घेणार असाल, तर धार लावण्याचे काम करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून लिहून घ्यावा. पाते पातळ कसे करावे, सांध्यात तेल किती सोडावे, खीळ कधी बदलावी, हे वाचकांना कळायला हवे. पॉलिशबद्दल पुरेसे छापून झाले आहे.

आपली,
कलमे बांधणारी एक वाचक