ती. आई-बाबांना, बीपीच्या तारखांबद्दल

सा. न.

बाबांच्या फोनमधे त्या रात्री जे करून आले ते समोर सांगितलं असतं तर बाबा "कशाला उगाच" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. आईच्या बीपीचे आकडे आता मलाही दिसतील. ठरवूनच केलंय. लक्ष ठेवायला नाही हो बाबा, तुम्ही दोघं किती व्यवस्थित करता ते मला माहितीये, पण आप्पाकाकांच्या वेळी सगळं इतक्या उशिरा कळलं, ते डोक्यातून जातच नाही. तुमचे मेसेज, बँक, काही दिसत नाही मला, फक्त बीपी आणि पावलं.

डॉक्टरांनी तीन महिन्यांचे आकडे मागितलेत ना, तर ॲपमधे 'आठवडा'च्या शेजारी तारखा निवडायचं बटण आहे, तिथे कुठून कुठपर्यंत ते टाकायचं. मी गोळी बदलायच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना वेगवेगळा काढून बघितला, सकाळचे आकडे खरंच उतरलेत आई. एखाद्या दिवशी 150 दिसला की तू रात्रभर जागी राहतेस, तसं नको करूस, सरासरी बघायची, घरी मोजलेली 135/85 च्या खाली असली की बरं आणि तुझी जवळ आलीये. शेवटची तारीख मात्र एक दिवस पुढची टाका, ते ॲप तारीख सुरू होते तिथेच थांबतं आणि त्या दिवसाची सकाळ गळते.

आणि बाबा, फोन भरला की तुम्ही ॲपं उडवता, हे उडवायचं नाही! हेल्थ कनेक्टमधे, म्हणजे फोनमधे तब्येतीचे सगळे आकडे साठतात तिथे, परवानगी दिली त्याच्या आधीचे 30 दिवसच ॲपला मिळतात, मागचं हवं तर वेगळी परवानगी लागते, ती मी दिलीये, पण उडवून परत टाकलंत तर ती जाते आणि 30 दिवस नव्या तारखेपासून मागे मोजले जातात. जागा हवी तर गुड मॉर्निंगचे फोटो उडवा. कालनिर्णयच्या चौकोनांत तुम्ही पेन्सिलीने लिहिलेले आकडे मी त्या त्या तारखेला, सकाळ-संध्याकाळ बघून भरलेत. ते बारीक अक्षर बघून मला टायफॉइड झाला होता तेव्हाची वही आठवली, रात्री उठून ताप मोजायचात आणि वेळेसकट लिहायचात, आई उशाशी पेज घेऊन बसलेली, आणि बरी झाल्यावर कमाटीबागेत आगगाडीत बसवलंत. तीच वही आता मी लिहितेय असं समजा ना.

आई, मोजायच्या आधी पाच मिनिटं टेकून बस, पाय जमिनीवर, पट्टा बाहीवर नाही, उघड्या दंडावर, आणि तेव्हा बोलायचं नाही. बाबांच्या खुर्चीत बस, तिचा हात बरोबर उंचीचा आहे. चहा नंतर. मशीनचे सेल फ्रीजवरच्या डब्यात ठेवलेत, फोनची अक्षरं मोठी केलीत. 180 च्या वर गेला आणि छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर ॲप बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना, मला नंतर कळवा. शेव उसळ बंद करा म्हणत नाहीये, पण दर रविवारी नको, आणि लोणचं कमी.

नाहीच आवडलं तर माझं बघणं बंद करता येतं, मला वाईट वाटणार नाही, पण डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत तरी राहू द्या. मंगळवारी फोन चार्ज करून न्या आणि रिक्षानेच जा बाबा, दांडिया बाजारातून स्कूटर काढायची नाही.

तुमची,
मनू